नाक्याचें रक्षण

पनवेल हें मुळापासून नाक्याचें गांव. लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडींत बसून खाडीनें पनवेलच्या बंदरास लागे, आणि तेथून पुढें बोरघाटाची वाट धरी. १८३० सालीं सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतांना घाटांतून गाडीरस्ता खुला झाला व पनवेलच्या पेठेस ऊर्जितावस्था आली. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली, यावरून त्या काळीं या गांवाचें महत्त्व केवढें होतें याची कल्पना येते. परंतु १८६३ सालीं आगगाडी घाट चढली ती कर्जतवरून. आणि ज्या वाटेवर पनवेलचें सारें वैभव उभें होतें ती वाटच दुसरीकडे वळल्यामुळें पेठ मागें पडली. मोठ्या शहराचें जीवन ज्या अरुंद वाटेनें वाहतें, तिचें महत्त्व ती बंद पडेपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, हा इतिहासाचा नित्याचा अनुभव आहे.

त्या जुन्या वाटेवर डोळा ठेवणारा किल्ला म्हणजे पनवेलच्या दक्षिणेचा कर्नाळा. किल्ला तसा लहान, माथ्यावर अंगठ्यासारखा उभा सुळका. परंतु बंदरांकडून घाटाकडे जाणारी वाट त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत असल्यामुळें निजामशाही, मोगल, मराठे व इंग्रज या सर्वांस तो आपल्या हातीं असावा असें वाटलें. १६६५ सालच्या पुरंदरच्या तहांत जे २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता, आणि १६७० सालीं तो मराठ्यांनीं परत घेतला. किल्ला जिंकण्यापेक्षां राखणें कठीण, हें त्या काळच्या राज्यकर्त्यांस पुरतें ठाऊक होतें. राजाराममहाराजांच्या कारकिर्दींत जिंजीस राहून सभासदानें जी बखर लिहिली, तींत किल्ल्यांच्या कारभाराची जी घडी वर्णिली आहे ती मननीय आहे. हवालदार, सरनौबत व सबनीस असे तिघे अधिकारी एकाच दर्जाचे. कारभार तिघांनीं मिळून करावयाचा. आणि धान्य व सामान यांचा जमाखर्च पाहण्यास कारखानीस निराळा. कोणा एकाच्या मनांत फितुरी आली तरी गड त्याच्या एकट्याच्या हातून शत्रूस जाऊं नये, हा त्यांतील एक हेतु. गडावर काय आलें, काय गेलें, काय उरलें, याचा जाब कागदावर देतां यावा, हा दुसरा. तटाच्या उंचीची स्तुति पुष्कळांनीं केली आहे; परंतु या दुसऱ्या हेतूकडे आमचें लक्ष थोडें कमीच गेलें आहे.

आज पनवेल पुनः नाका झाला आहे, आणि तोही पूर्वीपेक्षां फार मोठा. मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग कळंबोलीपासून सुरू होतो. शेजारच्या उरण तालुक्यांत न्हावा-शेवा येथें १९८९ सालीं सुरू झालेलें जवाहरलाल नेहरू बंदर आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें, तो पनवेल तालुक्यांतच. खारघरास ४०० किलोव्होल्टचें वीज-उपकेंद्र आहे. मुंबईकडे येणाऱ्या विजेच्या साखळींतील ती एक कडी होय. मात्र या नाक्यांच्या किल्ल्या आतां कोणा हवालदाराच्या कमरेस नाहींत. कोणत्या वाहिनींतून किती वीज जावी, कोणता कंटेनर कोणत्या गाडीवर चढावा, हें संगणकांच्या जाळ्यांतून ठरतें. आणि त्या जाळ्याची एखादी खिडकी उघडी राहिली तर हजारों कोसांवरचा मनुष्य घरबसल्या तींतून आंत डोकावूं शकतो. राष्ट्राची सायबर सुरक्षा म्हणून जिची चर्चा चालते तिचा गाभा हाच आहे. कोणाचा पत्रव्यवहार चोरून वाचणें किंवा कोणाच्या खात्यांतील पैसा लांबविणें हे गुन्हे मोठे खरे, परंतु निराळे. येथें प्रश्न आहे तो ज्यांवांचून समाजाचा एक दिवसही धड चालत नाहीं अशा यंत्रणांचा: वीज, पाणी, बंदरें, रेल्वे व रुग्णालयें यांच्या रक्षणाचा. पनवेलच्या परिसरास या प्रश्नाचे दोन अनुभव अवघ्या साडेतीन वर्षांच्या आंत आले. पहिल्याचें कारण कळलें. दुसऱ्याचें कारण वादांत राहिलें. या दोहोंतील अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

पहिला प्रसंग २७ जून २०१७ चा. त्या दिवशीं युक्रेन देशांत एक विध्वंसक आज्ञावली पसरली; तिला पुढें 'नॉटपेट्या' असें नांव पडलें. युक्रेनमधील बहुसंख्य व्यापारी पेढ्या करभरणीच्या हिशेबासाठीं एकाच कंपनीची आज्ञावली वापरीत. हल्लेखोरांनीं त्या आज्ञावलीच्या नित्याच्या सुधारणांतच आपलें विष मिसळलें, आणि ज्यानें विश्वासानें ती सुधारणा घेतली त्याच्या घरांत शत्रु शिरला. संगणकाच्या पडद्यावर खंडणीची मागणी दिसे. परंतु खंडणी भरूनही कांहीं परत मिळण्यासारखें नव्हतें, कारण हेतु लुटीचा नसून नाशाचा होता. मार्स्क या डेन्मार्कच्या विख्यात जहाज-कंपनीचे संगणक त्यांत सांपडले. न्हावा-शेवा बंदरांतील एक टर्मिनल त्याच समूहाकडे असल्यामुळें, ज्या भांडणाशीं आमचा सुतराम संबंध नाहीं त्याची झळ उरणच्या किनाऱ्यास लागली. टर्मिनलचें संगणकीय काम ठप्प झालें, नोंदी हातानें करण्याची वेळ आली, आणि मालाचा खोळंबा झाला.

या संकटानंतर मार्स्क कंपनीनें जी भूमिका घेतली ती उल्लेखनीय आहे. तिनें आपली नामुष्की झांकली नाहीं. सुमारें ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्यानें उभे करावे लागले, असें तिच्या अध्यक्षांनीं जानेवारी २०१८ मध्यें दावोसच्या परिषदेंत जगापुढें सांगितलें. नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरांचा होता. जगभरच्या कारभाराची नाडी ज्या मुख्य संगणकांत होती ते एकजात नष्ट झाले. घाना देशांतील एक तेवढा वांचला, कारण हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेल्यामुळें तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्या एका प्रतीवरून सारा डोलारा पुनः उभा राहिला. पुढें फेब्रुवारी २०१८ मध्यें ब्रिटन व अमेरिका यांनीं या हल्ल्याचा दोष रशियाच्या लष्करावर ठेवला, आणि ऑक्टोबर २०२० मध्यें अमेरिकेनें रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यांतील सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केलें. रशियानें आरोप नाकारला. तथापि उरणच्या बंदरावरची मालाची गाडी त्या दिवशीं कां अडली, या प्रश्नाचें उत्तर दुवा दुव्यास जोडीत मागें जाऊन देतां येतें. उत्तर देतां येतें म्हणूनच त्यापासून शहाणपण घेतां येतें: नकलेची एक प्रत जाळ्यापासून सदैव तुटलेली ठेवावी, आणि यंत्र बंद पडलें तर हातानें काम चालविण्याची संवय मोडूं देऊं नये.

दुसरा प्रसंग विजेचा. १९१५ सालीं बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस टाटांचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें व तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांस जाऊं लागली. तेव्हांपासून मुंबईचा दिवा तिच्या सीमेबाहेरील तारांशीं बांधला गेला आहे. सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाणें व नवी मुंबईचा बराच भाग एकाएकीं विजेवांचून राहिला. उपनगरी गाड्या मार्गांतच उभ्या राहिल्या. कोरोनाच्या साथीचे ते दिवस. रुग्णालयांस जनित्रांचा आश्रय करावा लागला. विद्यापीठास त्या दिवशींच्या परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या. अत्यावश्यक ठिकाणचा पुरवठा कांहीं तासांत परत आला, तरी कित्येक उपनगरांस रात्रीपर्यंत वाट पाहावी लागली.

प्रथमदर्शनीं घडलें तें असें. मुंबईस वीज पोंचविणाऱ्या कळवा-पडघा मार्गावरील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपैकीं एक दुरुस्तीसाठीं बंद होती. दुसरी बिघाडानें बंद पडली. तिचा भार उरलेल्या वाहिन्यांवर आला, तो न सोसून पुणें-खारघर वाहिनीही बंद झाली, आणि एका मागून एक दुवे तुटत गेले. अशा वेळीं मुंबईनें बाहेरच्या जाळ्यापासून स्वतःस तोडून घ्यावें, शहराचें तात्पुरतें एक बेट करावें, आणि जवळच्या वीजघरांवर निभाव करावा, अशी योजना १९८१ पासून आहे. त्या दिवशीं ती योजना शहरास अंधारापासून वांचवूं शकली नाहीं.

हा बिघाड कीं घातपात? राज्याचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनीं दोनच दिवसांनीं घातपाताची शंका बोलून दाखविली, व राज्याच्या सायबर विभागानें चौकशी हातीं घेतली. साडेचार महिन्यांनीं, २८ फेब्रुवारी २०२१ रोजीं, रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकन कंपनीचा अहवाल प्रसिद्ध झाला. जून २०२० मध्यें गलवान खोऱ्यांत भारत व चीन यांच्या सैन्यांची झटापट होऊन आमचे २० जवान धारातीर्थीं पडले होते. त्या तणावाच्या काळांत चीनशीं संबंध असलेल्या एका गटानें भारताच्या वीजक्षेत्रांतील १० संस्थांस लक्ष्य केलें, आणि त्यांत देशांतील पांचांपैकीं चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रें होतीं, असें त्या अहवालाचें म्हणणें होतें. भार प्रेषण केंद्र म्हणजे कोणत्या प्रांतास कोणत्या क्षणीं किती वीज द्यावयाची हें जेथें ठरतें तें ठिकाण. चीननें हें सर्व नाकारलें. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, मुंबईच्या अंधाराशीं या घुसखोरीचा संबंध सिद्ध झालेला नाहीं, असें त्या अहवालानें स्वतःच नमूद केलें होतें.

दुसऱ्याच दिवशीं राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनीं सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारें घातपाताची शक्यता जाहीर केली. विधिमंडळापुढें जी माहिती आली तिच्यांत वीज मंडळाच्या संगणकांत १४ 'ट्रोजन हॉर्स' सोडले गेले असावेत, आणि ८ जीबी इतकी बेहिशेबी माहिती परदेशांतून त्यांत आली असावी, असें म्हटलें होतें. लाकडी घोड्याच्या पोटांत बसून शत्रु शहरांत शिरल्याची जी ग्रीक कथा आहे, तीवरून सोज्वळ रूपानें आंत येणाऱ्या घातक आज्ञावलीस हें नांव मिळालें आहे. लगोलग केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनीं सांगितलें कीं, वीज यंत्रणेवर हल्ल्यांचे प्रयत्न झाले हें खरें, परंतु मुंबईच्या अंधाराचें कारण मानवी चूक हें होय. सायबर हल्ल्याचा पुरावा नाहीं.

वस्तुतः या दोन विधानांत तर्काच्या दृष्टीनें विरोध असलाच पाहिजे असें नाहीं. अंगणांत चोराचीं पावलें उमटलेलीं असावींत, आणि घरांतील हंडा मात्र घरच्याच मनुष्याच्या हातून फुटलेला असावा, हें अगदीं संभवनीय आहे. परंतु पावलें कोणत्या दिवशींचीं, तीं माजघरापर्यंत गेलीं होतीं कीं ओसरीवरूनच परतलीं, आणि हंडा फुटतांना तेथें कोण होतें, हें दोघांनीं एकत्र बसून पाहिल्यावांचून कळणार कसें? येथें एका सरकारनें पावलांकडे बोट दाखविलें, दुसऱ्यानें हंड्याकडे. दोन्ही सरकारांनीं मिळून, एकाच पुराव्यावर, एकमुखानें दिलेलें उत्तर नागरिकांच्या हातीं आलें नाहीं.

यानें काय बिघडलें, असें कोणी विचारील. दिवे तर त्याच दिवशीं लागले! परंतु रोगाचें निदान न होतां ताप उतरला तर वैद्य निश्चिंत होत नाहीं. कारण मानवी चूक असेल तर उपाय एक: वाहिन्यांच्या दुरुस्तीचा क्रम सुधारणें, कर्मचाऱ्यांस शिक्षण देणें, नवीन वाहिन्या उभारणें. कारण घातपात असेल तर उपाय दुसरा: कार्यालयाचें जाळें व वीज चालविणारें जाळें यांची पूर्ण फारकत करणें, बाहेरून घेतलेल्या यंत्रांची तपासणी करणें, प्रवेशाचे अधिकार एकाच्या हातीं न ठेवतां विभागणें. कारण अनिश्चित राहिलें म्हणजे दोन्ही उपाय अर्धवट राहण्याचें भय असतें. शिवाय प्रत्येकास आपापली पळवाट मिळते. विजेच्या खात्यास परक्या शत्रूकडे बोट दाखवितां येतें, आणि पहारेकऱ्यास विजेच्या खात्याकडे. अशा प्रसंगीं शत्रूनें कांहीं केलें नसलें तरी त्याचा लाभच होतो. त्याचें नांव झालें, आणि आमचा आमच्याच यंत्रणेवरील विश्वास डळमळला.

दुसऱ्या देशांत काय झालें तें पाहूं. २३ डिसेंबर २०१५ रोजीं युक्रेनमधील तीन वीज-वितरण कंपन्यांवर असाच हल्ला झाला. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरूं लागला व एकेक उपकेंद्र बंद होत गेलें. सुमारें सव्वा दोन लक्ष ग्राहक ऐन हिवाळ्यांत अंधारांत बसले. कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर धांवले, त्यांनीं हातानें खटके ओढले, आणि कांहीं तासांत वीज परत आणली. यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. युक्रेननें परदेशी तज्ज्ञांस आंत घेतलें, व तीन महिन्यांच्या आंत हल्ल्याची सविस्तर हकीकत प्रसिद्ध झाली: एका साध्या पत्राच्या जोडपत्रांतून शत्रु कसा शिरला, कित्येक महिने आंत कसा दबा धरून होता, संकेतशब्द कसे मिळविले. ती हकीकत वाचून जगांतील अनेक वीज कंपन्यांनीं आपापलीं दारें तपासून पाहिलीं.

आमच्याकडे २०१९ सालीं कुडनकुलमच्या अणुवीज केंद्राविषयीं अशीच वार्ता पसरली. २९ ऑक्टोबर रोजीं केंद्राच्या वतीनें ती नाकारण्यांत आली. ३० ऑक्टोबर रोजीं अणुवीज महामंडळानें मान्य केलें कीं घातक आज्ञावली सांपडली होती, तिची सूचना ४ सप्टेंबरलाच मिळाली होती, आणि ती केवळ कार्यालयीन कामाच्या संगणकांत होती. अणुभट्टी चालविणारें जाळें निराळें असल्यामुळें त्यास धक्का लागला नव्हता. वास्तविक ही दुसरी हकीकत महामंडळास भूषणावह होती. फारकतीची तटबंदी कामास आली, असेंच तीवरून दिसतें. ती पहिल्याच दिवशीं सांगितली असती तर लोकांचा विश्वास वाढला असता. आधीं नाकारून मग मान्य केल्यामुळें खरी गोष्टही संशयास्पद झाली.

आमच्या राष्ट्रानें या बाबतींत कांहींच केलें नाहीं, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यांतच विवक्षित संगणकांस 'संरक्षित प्रणाली' ठरविण्याची तरतूद होती. २००४ सालीं आणीबाणीच्या प्रसंगीं धांवून जाणारी सर्ट-इन ही संस्था निघाली. २०१३ च्या जुलैंत राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण जाहीर झालें. त्यांत पांच वर्षांत पांच लक्ष कुशल मनुष्यें तयार करण्याचा संकल्प होता. २०१४ सालीं महत्त्वाच्या यंत्रणांच्या रक्षणासाठीं स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें. १५ ऑगस्ट २०२० रोजीं पंतप्रधानांनीं लाल किल्ल्यावरून नव्या धोरणाची घोषणा केली. परंतु २०२३ साल संपलें तरी तें प्रसिद्ध झालें नव्हतें. मुंबईच्या अंधारानंतर, ऑक्टोबर २०२१ मध्यें, केंद्रीय विद्युत् प्राधिकरणानें वीजक्षेत्रासाठीं सायबर सुरक्षेचे नियम घालून दिले. एप्रिल २०२२ मध्यें सर्ट-इननें असा दंडक घातला कीं, हल्ला लक्षांत आल्यापासून सहा तासांच्या आंत त्याची वर्दी दिली पाहिजे. हीं सर्व पावलें योग्य दिशेचीं आहेत. परंतु यांत एक गोष्ट सर्वत्र समान दिसते: वार्ता खालून वर जाते, वरून खालीं येण्याची सक्ति कोठें नाहीं. वर्दी देण्यास सहा तासांची मुदत आहे. झालेल्या प्रकाराचें कारण जनतेस सांगण्यास मुदत नाहीं.

यावर आक्षेप असा कीं, राष्ट्राच्या रक्षणाच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडावयाच्या नसतात. आपले दुबळे कोपरे शत्रूस दाखविणें हा कोणता शहाणपणा? आक्षेप वजनदार आहे. गडाची चोरवाट कोठें आहे हें दवंडी पिटून कोणी सांगत नाहीं. परंतु चोरवाटेचें गुपित राखणें निराळें, आणि गड कां गेला याचा जाब न देणें निराळें. बुजविलेल्या भगदाडाची हकीकत सांगण्यानें शत्रूस नवें कांहीं कळत नाहीं, कारण तें पाडलें त्यानेंच. अज्ञानांत राहतात ते शेजारच्या गडाचे पहारेकरी.

आणि अशी पद्धति अशक्य आहे असेंही नाहीं. तिचा दाखला पनवेलच्या दाराशींच आहे. विमानास अपघात झाला तर त्याची चौकशी विमान चालविणाऱ्या कंपनीकडे किंवा विमानतळाकडे सोंपवीत नाहींत. २०१२ सालीं त्यासाठीं विमान अपघात तपास कार्यालय निराळें स्थापन झालें आहे. आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणें तीस दिवसांत प्राथमिक अहवाल तयार होतो, आणि अंतिम अहवाल छापून सर्वांस पाहावयास मिळतो. त्यांतील हेतु कोणास फांसावर देण्याचा नसून, तोच अपघात पुनः घडूं नये हा असतो. वैमानिकाची चूक, यंत्राचा दोष, नियंत्रकाचा गैरसमज, सारें त्यांत येतें. आणि विमानप्रवास आज जितका निर्धोक झाला आहे तो बव्हंशीं या निर्भीड लेखनामुळें झाला आहे. एकाच तालुक्यांत विमानतळ आहे व वीज-उपकेंद्रही आहे. पहिल्या ठिकाणीं दुर्घटना झाली तर कारण शोधून तें छापणें हें कर्तव्य ठरतें; दुसऱ्या ठिकाणीं कोट्यवधि लोक अंधारांत गेले तरी तें दोन मंत्र्यांच्या निवेदनांवर सोडलें जातें. हा भेद कां असावा? वीज, बंदरें, रेल्वे यांसाठीं असेंच एखादें स्वतंत्र तपास मंडळ असावें. त्यांत केंद्राचे, राज्याचे व विद्युत्-शास्त्राचे जाणकार एकत्र बसावेत. गुप्त राखण्याजोगें तेवढें गाळून बाकीचें कारण ठराविक मुदतींत प्रसिद्ध करणें त्यांस बंधनकारक असावें.

नव्या धोरणाचा मसुदा जेव्हां केव्हां लोकांपुढें येईल, तेव्हां त्यांत किती कोटींची तरतूद आहे व किती नव्या संस्था काढावयाच्या आहेत हें वर्तमानपत्रें सांगतीलच. सुशिक्षित वाचकानें मात्र त्यांत आणखी एक कलम शोधावें: उद्यां पुनः दिवे गेले, तर ते कां गेले हें आम्हांस कोण सांगणार, आणि किती दिवसांत? तें कलम नसेल तर तें घालण्याविषयीं आपल्या प्रतिनिधींस लिहावें. खारघरच्या वाहिनीवर ज्यांच्या घरचा दिवा व रुग्णाईताचें यंत्र अवलंबून आहे, त्यांस एवढें विचारण्याचा अधिकार निःसंशय आहे.